ब्रेक ओढतो? आधी पाटे बघा

खान्देशात जुन्या जीपा अजून बऱ्याच आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात, चाळीसगावकडच्या कपाशीच्या शिवारात, शहादा-तळोद्याला, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडखाली धूळ खात उभ्या. त्यातल्या पुष्कळशा उंच बॉनेटच्या महिंद्रा सीजे-३बी. हे मॉडेल मूळ विलीसचं, अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघालेलं. आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही बनवलं. होळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) शेतात हात थोडा मोकळा असतो, तेव्हा या गाड्या बाहेर काढल्या जातात आणि तक्रार हमखास तीच येते: ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

मग चारही ड्रम उघडले जातात, नवे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बसतात, ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली जाते, आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा त्याच बाजूला पळते. कारण पैसे ब्रेकवर गेले आणि दोष पाट्यात, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगमध्ये, राहिला.

या जीपचा एक्सल चासीला धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, पाटे. वेगळा दांडा, आर्म असलं काही नाही. चाक थांबवण्याचा सगळा जोर एक्सलवरून पाट्याच्या मुख्य पानात आणि तिथून चासीत जातो. एका बाजूचा यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारा) सैल असेल, शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) खाल्लेला असेल किंवा मुख्य पान तडकलेलं असेल, तर ब्रेक लागताच त्या बाजूचा एक्सल चार-पाच मिलिमीटर मागे सरकतो. पुढचा एक्सल वर स्टीअरिंगच्या ड्रॅग लिंकला बांधलेला आहे, त्यामुळे पाटा पिळला की लिंक चाकाला वळवते. स्टीअरिंगला हात न लावता गाडी वळते ती अशी. चारही ब्रेक अगदी सारखे असले तरी हे होणारच. म्हणून क्रम असा धरा: मापं, पाटे, हब (चाकाचा मधला भाग), मग ब्रेक, आणि ब्रेक ऑइल सगळ्यात शेवटी.

पुढचे आकडे नऊ इंची ड्रम असलेल्या पेट्रोल सीजे-३बीचे आहेत. नंतरच्या डिझेल गाड्यांत किंवा कुणी एक्सल बदललेला असेल तर ड्रम मोठा निघू शकतो. पार्ट मागवण्याआधी ड्रम मोजा. आरसी बुकावरचं मॉडेल बघून मागवलेले शू (लायनर ज्यावर बसतो ते कमानी तुकडे) हमखास चुकतात.

जॅक लावण्याआधी

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर आहे. म्हणजे हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक फिरतं आणि जमिनीवरचंही फिरतं. गाडी जॅकवरून घरंगळते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच, कारण गिअरही त्याच शाफ्टला धरतो. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या. विटांच्या थप्पीवर गाडी उभी करू नका. वीट आधी काही कुरकुरत नाही, एकदम फुटते.

दुसरं म्हणजे चाकाचे नट. या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे स्टड बऱ्याचदा उलट्या आट्यांचे असतात आणि टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. चार फुटी पाइप लावून उलट्या दिशेने जोर दिला की स्टड तुटतो, मग हब काढून नवा स्टड दाबून बसवावा लागतो. तार-ब्रश मारून टोक साफ करा, अक्षर बघा, मग पाना लावा.

मापं

सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा भरून, स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. गवंड्याचा ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण केली तर टेप तिरका धरला जात नाही. या गाडीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. मापात एक-दोन मिलिमीटरचा फरक कुणी मोजत नाही. दोन बाजूंत पाच-सहा मिमीचा फरक निघाला तर कुठला तरी एक्सल जागेवर नाही. मग प्रत्येक पाट्याच्या पक्क्या टोकाच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत मोजायचं. पुढच्या पाट्यांचं पक्कं टोक मागे असतं आणि शॅकल पुढे, मागच्या पाट्यांचं बरोबर उलट. कुठला पाटा दोषी ते दोन मिनिटांत कळतं.

बहुतेक वेळा गुन्हेगार सेंटर बोल्ट असतो. पाट्याची पानं एकत्र धरणारा हा बोल्ट. त्याचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि एक्सलची जागा ठरवतं. पण एक्सलचा जोर झेलणं हे त्याचं काम नाही, ते यू-बोल्टचं. यू-बोल्ट सैल पडले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. वरून सगळं जागेवर दिसतं, पान बोल्टवर आहेसं वाटतं, पण एक्सल मोकळा सरकत असतो. बैठकीच्या कडेला ताजी चमकती घासलेली रेघ किंवा लालसर गंजाची भुकटी दिसली, की सेंटर बोल्ट गेला समजा.

पाटे

पाटा उतरवताना आधी पानांच्या दोन बाजूंना सी-क्लॅम्प आवळा आणि मगच सेंटर बोल्ट खोला. क्लॅम्प न लावता बोल्ट कापला तर पानं उसळतात, आणि ती बोटावर आली तर बोट राहत नाही. पुढच्या पाट्याखाली पाचरीसारखी तिरकी पट्टी असेल तर तिची जाड बाजू कुठे होती ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ती कॅस्टरसाठी, म्हणजे पुढच्या एक्सलच्या झुकण्याच्या कोनासाठी, असते. उलटी बसली की स्टीअरिंग सरळ यायला तयारच होत नाही.

प्रत्येक पान वेगळं करून तार-ब्रशने साफ करा, रॉकेलने धुवा, उन्हात वाळवा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर रॉकेल त्यातून झिरपतं आणि पांढऱ्या पुडीत काळी रेघ उमटते. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा डोळ्याच्या वळणाला असतो. तडकलेलं पान वेल्डिंग करू नका. स्प्रिंग स्टीलचा कडकपणा वेल्डिंगच्या उष्णतेने जातो आणि ते पान जोडाच्या शेजारी पुन्हा तुटतं, तेही नेमकं भार असताना. पान नवं घ्यायचं किंवा पाटेवाल्याकडून त्याच रुंदी-जाडीचं बनवून घ्यायचं.

बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक देता येतो. चांगला पाटेवाला पान तापवून बाक देतो, पाणी देतो (तापलेलं पान एकदम थंड करतो) आणि मग पुन्हा मंद तापवून कडकपणा थोडा उतरवतो. नुसतं थंड पानावर घण घालून बाक दिला तर तो एका पावसाळ्यात बसतो. काम देताना एवढंच विचारा: पाणी देणार का, आणि नंतर तापवणार का. उत्तर चाचरत आलं तर दुसरीकडे जा. डावा-उजवा पाटा जोडीनेच करून घ्या. एकच केला तर गाडी कायमची एका खांद्यावर चालते.

जादा पानं घालण्याची आपल्याकडे मोठी हौस. केळीचे घड भरायचे, कपाशीची गाठोडी न्यायची, म्हणून मागे दोन-दोन पानं वाढवलेली असतात. भार असताना ते चालतं. रिकामी गाडी ब्रेक मारली की मागचं टोक उचलतं, कडक पाटा चाकाला जमिनीवर दाबून ठेवत नाही, चाक उड्या मारतं आणि आधी लॉक होतं. ओल्या डांबरावर गाडी आडवी होण्याचं हे साधं कारण आहे. आता ही गाडी माल वाहत नसेल तर जादा पानं काढून टाका.

पानांमध्ये काय लावावं यावर वाद आहे. जळकं ऑइल फवारायची जुनी पद्धत तर बंदच करा: ते उडून रबरावर आणि बॅकप्लेटवरून थेट ब्रेकच्या शूवर जातं. ग्रीस भरपूर थापलं तर काळ्या मातीची धूळ त्यात बसून पॉलिश पेपरसारखं पान घासते. पानांचं एकमेकांवरचं घर्षण हाही झटके शोषणाचा भाग आहे, ते पूर्ण घालवायचं नसतं. पानाच्या टोकाखाली, जिथे ते वरच्या पानावर सरकतं, तिथे ग्रॅफाइट ग्रीसचा बोटभर पातळ हात पुरतो.

यू-बोल्ट जुने वापरू नका. आटे ताणलेले असतात. पाना घट्ट लागल्याचं भासवतो पण पकड नसते. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळत न्या. आवळण्याचं माप ५० ते ५५ फूट-पाउंड. पाइप लावून त्याच्या दुप्पट आवळणारे हात आहेत, त्यांना टॉर्क पाना द्या.

शॅकल

हा भाग घाईने करतात आणि इथेच गाडी बिघडते. सीजे-३बीचा शॅकल यू आकाराचा, दोन्ही दांड्यांवर आटे, आणि त्यावर आतून आटे असलेले षटकोनी डोक्याचे बुश फिरवून बसवायचे. एक बुश चासीच्या ब्रॅकेटमध्ये, एक पाट्याच्या डोळ्यात. काही शॅकल उलट्या आट्यांचे असतात. त्यांच्या खालच्या दांड्यावर ओळखीसाठी छोटा उंचवटा असतो. हात फिरवला की लागतो. उलट्या शॅकलवर सरळ बुश जोराने चढवला की दोन्ही गेले.

आधी ग्रीसचं रबरी वॉशर आणि त्याची पत्र्याची टोपी शॅकलच्या मुळाशी सरकवा. शॅकल ब्रॅकेटमधून आणि डोळ्यातून घाला, तो मधोमध धरून दोन्ही बुश हातानेच सुरू करा, दोन्ही सारखे चढू द्या. वरचा बुश डोकं ब्रॅकेटला टेकेपर्यंत आवळायचा. खालचा मात्र टेकवायचा नाही: बुशचं डोकं आणि पाट्याचा डोळा यांत साधारण ०.८ मिमी, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, फट राहिली पाहिजे. दोन्ही टेकवले तर शॅकल आखडतो, पाटा लांब-आखूड होऊ शकत नाही, गाडी लाकडी गाड्यासारखी आदळते आणि शेवटी मुख्य पान तुटतं. बसवून झाल्यावर शॅकल हाताने, फार तर छोट्या टॉमीने, पुढे-मागे हलला पाहिजे.

मग ग्रीस. दोन्ही निप्पलना ग्रीस गन लावून नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारा. ग्रीस जात नसेल तर निप्पल बदला, तरी जात नसेल तर बुश खोला; आत जुनं ग्रीस दगड झालेलं असतं. नियम हजार मैलांचा, म्हणजे १६०० किमीचा आहे. पण वैशाखातल्या वावटळीत आणि शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला महिन्यातून एकदा मारलं तर बुश वाचतात.

पक्क्या टोकाला रबराचा बुश असेल तर तो बोल्ट गाडी घोड्यांवर असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, भार येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि फाटतं.

शॉक अॅब्सॉर्बरची परीक्षा साधी. खालचं टोक सोडा, उभा धरून दोन-चार वेळा पूर्ण ओढा आणि दाबा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड लागला तर ठीक. मधेच हलका पडत असेल किंवा ऑइल गळत असेल तर जोडीने बदला.

हब

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग सैल आहे किंवा नकलचं (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याचं) बेअरिंग गेलंय. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा: खेळ नाहीसा झाला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर नकल.

सैल हब बेअरिंगचा ब्रेकशी थेट संबंध आहे. चाक डुलतं तेव्हा ड्रम शूला मागे ढकलतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल खाली जातं आणि दुसऱ्यांदा वर येतं. याला लोक ‘एअर आहे’ म्हणतात आणि तीन-तीनदा एअर काढतात. बेअरिंग धुऊन, नवं ग्रीस रोलरमध्ये तळव्याने दाबून भरा, नवी ऑइल सील बसवा. आतला नट चाक फिरवत फिरवत चाक जड होईपर्यंत आवळा, मग साधारण सहावा भाग फेरा मागे घ्या. लॉक वॉशर बसवा, बाहेरचा नट आवळा, वॉशरची कड वाकवा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि डुलता कामा नये.

मागचं हब निमुळत्या एक्सलवर चावीने बसतं आणि पुलरशिवाय निघत नाही. एक्सलच्या टोकावर घण घालणारे आहेत. त्याने आटे चेपतात आणि धक्का आतल्या बेअरिंगला बसतो. पुलर ताणून लावा, पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका द्या, थांबा. टणकन आवाज येऊन हब सुटतं. एक्सलच्या टोकाचा नट थोडा गुंतवून ठेवा, नाहीतर हब पुलरसकट अंगावर उडतं. बॅकप्लेट काढली तर तिच्या मागच्या पातळ शिमा त्याच बाजूला तशाच परत जाऊ द्या, एक्सलचा आडवा खेळ त्यांनी ठरतो.

मागच्या लायनरवर डिफरन्शियलचं ऑइल आलेलं दिसलं तर नुसती सील बदलून थांबू नका. एक्सलच्या नळीवर हवा सोडणारं छोटं टोपीचं छिद्र असतं, ब्रीदर. आपल्याकडे ते धुळीने आणि ऑइलने लिंपून गेलेलं असतं. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात एक्सल तापतो, आत दाब वाढतो आणि ऑइल नव्या सीलमधूनही बाहेर पडतं. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये भिजवा, त्यातून फुंकर आरपार गेली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक वेळा कुणीच केलेलं नसतं.

ड्रम आणि लायनर

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. काँप्रेसरच्या हवेने ड्रम साफ करू नका. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा, फडकं फेकून द्या.

ड्रमला नखाला लागतील एवढ्या रेघा असतील किंवा ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रम लेथवर घ्यायचा. मूळ व्यासापेक्षा एकूण १.५ मिमी ही शेवटची हद्द. त्यापुढे ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, फाकतो. एक ड्रम कापला तर त्याच एक्सलचा दुसराही तेवढाच कापा. ड्रम हबवर चढवून, बेअरिंगच्या मध्यावर धरून कापला तरच खरा गोल होतो. आणि ड्रम मोठा झाला की साधा लायनर मधेच टेकतो, दोन्ही टोकं हवेत राहतात; त्या गोलाईला लायनर घासून घ्यावा लागतो. नव्या लायनरवर खडू चोळा, शू ड्रममध्ये धरून हलवा. खडू कुठून पुसला गेला ते बघितलं की टेकण कळतं. निदान तीन-चतुर्थांश लांबी टेकली पाहिजे.

लायनर सुमारे ४५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड. प्रत्येक चाकात दोन शू, आणि त्यांचे लायनर सारख्या लांबीचे नसतात. लांब लायनर गाडीच्या पुढच्या बाजूच्या शूला, आखूड मागच्याला. पुढे जाताना पुढचा शू ड्रमसोबत ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो, काम तोच जास्त करतो. अदलाबदल झाली तर ब्रेक लागतो, पण अर्ध्या ताकदीने. रिव्हेट मारताना मधून सुरुवात करून टोकांकडे जा. टोकांकडून आत आलात तर मधे फुगा राहतो, तो पुढे तडकतो.

ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा शेगडीवर भाजून वापरायचा उद्योग करू नका. वर कोरडा दिसतो, पहिल्या घाटात तापला की ऑइल पुन्हा वर येतं. चारही शू बदला, त्या एक्सलचे.

बॅकप्लेटवर वरच्या बाजूला दोन एक्सेंट्रिक (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारे) आणि खाली दोन अँकर पिना (शूची खालची टोकं धरणाऱ्या). अँकर पिना फक्त नवे लायनर बसवताना हलवायच्या. ड्रमला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायची खाच असते, तीतून मोजा: लायनरच्या खालच्या टोकाला ०.१३ मिमी आणि वरच्या टोकाला ०.२० मिमी. इंचाच्या हिशोबात पाच आणि आठ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अँकरचे नट आवळताना पिन फिरू देऊ नका, मोजणी पुन्हा करा. त्यानंतरची रोजची ॲडजस्टमेंट वरच्या एक्सेंट्रिकने: शू ड्रमला घासेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं होईल एवढं मागे. पेडल खाली गेलं म्हणून अँकर पिना फिरवणारा माणूस नव्या लायनरची वाट लावतो.

सिलिंडर, नळ्या, ऑइल

पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंची, मागचे पाऊण इंची. पार्ट मिसळून आले तर मागचं चाक आधी लॉक होतं, म्हणून व्हर्निअरने मोजून घ्या. उभ्या गाडीचे सिलिंडर खालच्या बाजूने गंजतात, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि ते पाणी खाली बसतं. बारीक गंज पॉलिश पेपरने निघतो. नखाला खड्डा लागत असेल तर सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह मारून घ्या. खड्ड्यावर नवं किट बसवलं तर ते महिनाभर टिकतं. रबराला रॉकेल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस काहीही लावायचं नाही, रबर फुगतं. धुवायला स्पिरिट, बसवायला ब्रेक ऑइल.

मास्टर सिलिंडर जुन्या जीपांत पायाखाली चासीवर असतो, म्हणजे चिखलाच्या थेट वाटेवर. त्यात एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडलेलं असताना ते उघडं राहून नळीतलं जादा ऑइल टाकीत परत येऊ देतं. पेडलला सुमारे १२ मिमी मोकळा खेळ हवा, तो याचसाठी. खेळ ठेवला नाही तर वॉशर भोकावरच बसून राहतं, ऑइल तापून फुगतं, परत जायला वाट नाही, आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. धुळ्याहून निघालेली गाडी पारोळ्यापर्यंत जड होते आणि सावलीत तासभर उभी केली की मोकळी चालते, ती यामुळे. झाकण उघडून कुणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा. सुरुवातीला टाकीत बारीक कारंजं उडालं तर भोक उघडं आहे. बुजलेलं असेल तर वायरचा एक तांब्याचा केस घालून साफ करा. सुई घालू नका, तिने कड उठते आणि तीच कड वॉशर कापते.

एकच चाक अडकत असेल तर त्याचा ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) थोडा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब नळीत अडकलाय, बहुधा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. सुटलं नाही तर शूची स्प्रिंग किंवा पिस्टन. गाडीत तीन होज आहेत, दोन पुढच्या चाकांना आणि एक मागच्या एक्सलला. बाहेरून धड दिसले तरी जुने तिन्ही बदला.

लोखंडी नळी गंजली तर फ्रीजवाल्याची तांब्याची नळी लावायची नाही. ती थरथरून कडक होते आणि फ्लेअरपाशी, म्हणजे फाकवलेल्या टोकापाशी, तडकते. ब्रेकचीच स्टीलची नळी, दुहेरी फ्लेअर मारून. ही गाडी एका सर्किटची आहे: एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यालेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात उतरताना ड्रमची उष्णता सिलिंडरपर्यंत जाते, तेव्हा हा फरक कळतो. डॉट ५ सिलिकॉन ऑइल यात मिसळू नका. दर दोन वर्षांनी, पोळ्यानंतर पाऊस ओसरला की, सगळं ऑइल बदलून टाका.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मेडिकलमधली सलाइनची नळी ब्लीडरला घट्ट बसते, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. पेडलवरचा माणूस ‘दाबला’ म्हणाला की ब्लीडर उघडा, बंद केल्यावर ‘सोड’ म्हणा. पेडल सावकाश, धडाधड मारलं तर हवेचा फेस होतो आणि तो निघत नाही. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. अर्ध्या लिटरचे दोन डबे जवळ ठेवा, बाटलीतलं निघालेलं ऑइल परत ओतायचं नाही.

शेवटी पेडल जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली बसलं आणि बाहेर गळती नसेल तर मास्टरचं मुख्य वॉशर आतल्या आत सोडतंय. लुसलुशीत लागलं तर हवा बाकी आहे. कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा तेलकट आहे.

रस्त्यावर

जाता जाता एक गोष्ट कागदाची. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शॉक बसवायला चासीवर वेल्डिंगने नवं ब्रॅकेट ठोकण्याआधी हे लक्षात असू द्या.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, ताशी २० च्या वेगाने, स्टीअरिंग सैल धरून. मग डांबरावर ४० ने. नवे लायनर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने वापरा, टेकण बसू द्या. ५०० किमीला यू-बोल्ट पुन्हा आवळा. पानांमधला रंग आणि गंज दबून ते थोडे सैल झालेलेच असतात. एक्सेंट्रिकही तेव्हाच एकदा जवळ घ्या.

त्यानंतर लळिंगचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून खाली थांबा आणि चारही ड्रमपाशी हाताची पाठ न्या, टेकवू नका. पुढचे दोन्ही एकमेकांइतके तापलेले असावेत, मागचे दोन्ही एकमेकांइतके. एक फार तापला तर ते चाक घासतंय. एक जोडीदारापेक्षा थंड असेल तर ते चाक काही काम करत नाही आणि गाडी त्याच्या विरुद्ध बाजूला ओढते. तिथला ब्लीडर आधी उघडून बघा, ऑइल पोचतंय का.